जाळी की काच? बर्फावरच्या हॉकीला निघालेल्या एका रुग्णाचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात मी बावीस वर्षांपासून दातांचा दवाखाना चालवते. खेळताना मोडलेले दात इथे नेहमीच येतात. कधी कॉर्कचा चेंडू, कधी कबड्डीत लागलेलं कोपर, कधी पोळ्याच्या गर्दीत बैलाने झटकलेली मान. पण खेळ सुरू करण्याआधीच ‘तोंडावर काय घालू?’ असं विचारत आलेला माणूस मी एकदाच पाहिला. त्याचा खेळ होता आइस हॉकी. हे प्रकरण त्याच्या संमतीने, नाव न देता लिहिते आहे.

रुग्ण आणि आधीचा इतिहास

पुरुष, वय ३८. घरी नऊ एकर, कापूस आणि तूर. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. केली आणि सहा वर्षांपूर्वी कॅनडातल्या सास्काटूनला कडधान्यांच्या बियाण्याच्या कामावर गेला. तिथला हिवाळा लांब आणि जीवघेणा गार. सोबतच्या लोकांनी त्याला प्रौढ नवशिक्यांच्या हॉकीवर्गात नेलं. सप्टेंबरात तो स्केट्सवर उभं राहायला शिकला, आणि जानेवारीत त्याच्या गटाचे सामने सुरू व्हायचे होते. त्या गटात हेल्मेट सक्तीचं होतं. चेहऱ्यावर काय घालायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

तो नवव्या वर्गात असताना शाळेच्या मैदानावर कॉर्कचा चेंडू लागून त्याचा वरचा डावा मधला दात अर्धा तुटला होता. तीन-चार वर्षं कोणी पाहिलं नाही, दात काळा पडत गेला. पुढे कॉलेजात असताना तो माझ्याकडे आला, तेव्हा मी रूट कॅनॉल करून कॅप बसवली. हा दात आजही जागेवर आहे, पण तो निर्जीव आहे. रूट कॅनॉल झालेला दात सुकलेल्या पऱ्हाटीसारखा असतो. उभा राहतो, पण वाकत नाही. समोरून जोराचा मार बसला तर कॅप निघणं हे त्यातल्या त्यात बरं, मूळच उभं चिरलं तर दात काढण्याशिवाय इलाज नसतो.

दुसरी गोष्ट चष्मा. दोन्ही डोळ्यांना वजा साडेतीन. कॉन्टॅक्ट लेन्स त्याला सोसत नाहीत, कारण दिवसभर धान्याच्या धुळीत काम.

गेल्या नोव्हेंबरात, कापसाचा पहिला वेचा घरात येत होता तेव्हा, तो महिनाभराच्या सुटीवर गावी आला. दवाखान्यात येताना सोबत आई, वडील आणि एक चुलतभाऊ. हातात पिशवी, पिशवीत हेल्मेट. हेल्मेटला दुकानदाराने आधीच अर्धी काच बसवून दिलेली, कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत येणारी. पिशवीच्या तळाशी वेगळ्या कंपनीची एक जुनी लोखंडी जाळी होती, संघातल्या कोणीतरी दिलेली.

तो म्हणाला, “मॅडम, मोठी माणसं अर्धीच काच लावतात. जाळी लहान पोरांची, असं सगळे म्हणतात. तुम्ही फक्त दातांसाठी ते रबराचं गार्ड बनवून द्या.”

म्हणजे तो निर्णय घेऊनच आला होता. माझ्याकडून त्याला वस्तू हवी होती, सल्ला नको होता. दवाखान्यात असे रुग्ण रोज येतात. अशा वेळी मी वाद घालत नाही, मोजमाप घेता घेता प्रश्न विचारते.

मार कशाचा बसतो

पहिला प्रश्न तोच विचारला: तुझ्या तोंडाला लागणार काय?

तो लगेच म्हणाला, पक. पक म्हणजे या खेळातली चकती. कडक रबराची, ७.६ सेंटिमीटर व्यासाची, अडीच सेंटिमीटर जाड, १५६ ते १७० ग्रॅम वजनाची. वजनाने ती आपल्या क्रिकेटच्या चेंडूएवढीच भरते, पण तिला कडा असते. भीती वाटावी अशीच वस्तू आहे. तरी माझा पुढचा प्रश्न असा होता, की तुमच्या गटात तसा जोराचा फटका मारता येणारे किती जण आहेत?

तो थोडा थांबला. “एक-दोन.”

“आणि काठी आवरता न येणारे?”

“सगळेच. मीपण.”

या प्रकरणाचं सार मला इथे सापडलं. नवशिक्याचा तोल गेला की त्याचे हात वर जातात आणि हातांबरोबर काठीही. समोरचा पडत असतो तेव्हा त्याला स्वतःच्या काठीचं पातं कुठे फिरतंय हे कळत नाही. नियमाने काठी खांद्याच्या वर उचलणं हा दोष आहे, पण पडणाऱ्याला नियम आठवत नाही. शिवाय नवशिक्या खाली बघत खेळतो, मान वाकवून, पायाजवळची पक शोधत. म्हणजे एकाची काठी खालून वर येते आणि दुसऱ्याचा चेहरा वरून खाली येतो. अर्धी काच वरून आणि समोरून येणाऱ्या वस्तूला अडवते. हनुवटीखालून वर येणाऱ्या पात्याला तिथे वाट मोकळीच असते, आणि त्या वाटेवर पहिले भेटतात ते वरचे मधले दात.

कॅनडाच्या विद्यापीठ संघांवर १९९७-९८ च्या हंगामात झालेला एक अभ्यास मी त्याला मोबाइलवर दाखवला. २२ संघ, ६४२ खेळाडू. निम्म्या संघांनी पूर्ण चेहरा झाकला, निम्म्यांनी अर्धी काच लावली. अर्धी काच लावणाऱ्यांत चेहरा फाटण्याचा धोका २.३१ पट निघाला, आणि दातांच्या इजेचा ९.९ पट. हे सगळे तरबेज खेळाडू होते. दुसरा अभ्यास २००२ सालचा, अमेरिकेतल्या ज्युनियर खेळाडूंचा. प्रत्यक्ष खेळाच्या दर हजार तासांमागे, तोंडावर काहीच नसणाऱ्यांना १५८.९ इजा झाल्या, अर्ध्या काचेत ७३.५ आणि पूर्ण संरक्षणात २३.२.

दहापटीचा आकडा बघून तो गप्प झाला. मग त्याने आपला राखून ठेवलेला मुद्दा काढला: पूर्ण चेहरा झाकला की माणूस बेफिकीर होतो आणि मान मोडून घेतो, असं त्याला संघातल्या एकाने सांगितलं होतं. हा मुद्दा मी हसण्यावारी नेला नाही, कारण मानेची इजा दातापेक्षा कितीतरी मोठी. पण त्याच २२ संघांच्या अभ्यासात मान आणि डोक्याच्या इजेचंही मोजमाप झालं होतं, आणि दोन्ही गटांत लक्षात घेण्याजोगा फरक सापडला नव्हता. मान मोडते ती डोकं खाली घालून कठड्यावर आदळल्याने. तोंडावर जाळी असो की काच, मान वर ठेवायला शिकणं हा त्याच्यावरचा उपाय.

‘मोठे खेळाडू घालत नाहीत’

हा युक्तिवाद आमच्याकडे हेल्मेटशिवाय मोटारसायकल चालवणाराही करतो. म्हणून त्यावर थोडं थांबते.

१ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये माँट्रियलचा गोलरक्षक जाक प्लांट याच्या तोंडावर अँडी बाथगेटने मारलेली पक बसली. टाके घालून तो परत आला तो मुखवटा घालूनच, त्याशिवाय खेळणार नाही म्हणाला. तो सरावात मुखवटा आधीपासून वापरत होता. सामन्यात घालायला त्याच्या प्रशिक्षकाचा विरोध होता, कारण त्याने नीट दिसणार नाही असं प्रशिक्षकाला वाटायचं. त्यानंतर त्याचा संघ सलग कितीतरी सामने हरला नाही. ‘दिसणार नाही’ हा आक्षेप इतका जुना आहे, आणि त्याचं उत्तरही तितकंच जुनं.

डोळ्यांचंही तसंच. ११ मार्च २००० रोजी टोरांटोचा ब्रायन बेरार्ड याच्या उजव्या डोळ्यात प्रतिस्पर्ध्याची काठी गेली. त्याच्या हेल्मेटला काच नव्हती. त्या डोळ्याची दृष्टी जवळपास गेलीच. हे जगातले उत्तम खेळाडू, आणि ती काठीही जाणूनबुजून मारलेली नव्हती. तरीही तिथल्या व्यावसायिक लीगने अर्धी काच सक्तीची केली ती २०१३ मध्ये, आणि तीही फक्त नव्याने येणाऱ्यांना. कॅनडातल्या लहान मुलांना मात्र १९७० च्या दशकाच्या शेवटापासून पूर्ण चेहरा झाकावा लागतो, कारण डोळ्यांच्या डॉक्टरांनी फुटलेले डोळे मोजून ते आकडे लोकांपुढे ठेवले. आपल्या धंद्यातल्या माणसांनी मोजदाद ठेवली की नियम बदलतात. मला त्या डॉक्टरांबद्दल मनापासून आदर वाटतो.

मी त्याला एवढंच म्हटलं, की व्यावसायिक खेळाडूचा दात गेला तर संघाचा दंतवैद्य बाजूलाच बसलेला असतो. तुला सोमवारी सकाळी कामावर जायचं आहे, आणि तिथे एक दात नव्याने बसवायचा तर काही हजार डॉलर लागतात.

आई इतका वेळ ऐकत होती. तिने विचारलं, “आपल्या देशात खेळते का कोणी हे?” त्याने तिला लडाखच्या मुलींचे फोटो दाखवले. जून २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने अमिरातीतल्या अल ऐनला आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं, आणि त्यातल्या बहुतेक मुली लडाखच्या. काकूंनी चष्मा वर करून फोटो निरखला.

“या पोरींच्या तं पुऱ्या तोंडाले जायी हाय. मंग तुले काहून लाज वाटते?”

त्याचा चेहरा जरा सैल झाला तो तेव्हा. माझ्या आकड्यांनी जे झालं नाही ते त्या फोटोने केलं.

जाळी की पूर्ण काच

पूर्ण चेहरा झाकायचा, इथपर्यंत आलो. आता त्यात तीन प्रकार: सगळी तारेची जाळी, सगळी पारदर्शक काच, किंवा वर काच आणि खाली जाळी. काच म्हणजे खरं तर पॉलिकार्बोनेट. ते फुटत नाही, पण त्यावर ओरखडे पडतात, ते जपून पुसावं लागतं, आणि थंडीत श्वासाने त्यावर धुकं धरतं. जाळीतून वारा खेळतो, ती स्वस्त असते, वर्षानुवर्षं टिकते. नजरेसमोर तारा दिसतात, पण दोन-तीन आठवड्यांत डोळा त्यांच्या पलीकडे बघायला शिकतो. त्याला स्वतःला पूर्ण काच हवी होती, नजर मोकळी राहते म्हणून.

हा प्रश्न सोडवला त्याच्या वडिलांनी, आणि त्यांनी तो सोडवला कापसाच्या अनुभवावर.

२०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यांत होते. त्यानंतर गावोगावी फवारणीचे किट आले: हातमोजे, मास्क, तोंडावरची पारदर्शक ढाल. काकांनीही ती ढाल आणली होती.

ते म्हणाले, “मॅडम, ते काच मी दोन दिवस घातली. पऱ्हाटी छातीएवढी, वरून सप्टेंबरची उकाड, आतून घाम. दहा मिनिटात पुरं धुकं. पुढचं झाड दिसे ना. मंग काय, काढून धुऱ्यावर ठेवली. ज्या दिवशी काढली त्याच दिवशी वारा फिरला न औषध तोंडावर आलं.”

थोडं थांबून त्यांनी मुलाकडे पाहिलं. “तुले दोन काचा होतीन, बाबू. एक चष्म्याची, एक वरची. दोन्हीवर धुकं येईन. मंग तू काढशीन. काढलेली वस्तू धुऱ्यावर पडून राहते.”

मी तेवीस पानं वाचून जिथे पोचले असते तिथे काका दोन दिवसांच्या फवारणीत पोचले होते. वस्तू किती अडवते हे प्रयोगशाळेत मोजता येतं. माणूस ती किती वेळ तोंडावर ठेवतो हे मोजायला घामच लागतो. धुकं न धरणारे फवारे मिळतात, काचेला आतून तसा थरही दिलेला असतो, पण चष्म्यावर चष्मा असलेल्या माणसाने त्या भरवशावर राहू नये असं माझं मत झालं. जाळी ठरली. (फवारणीला मात्र जाळीचा काही उपयोग नाही, हे मी काकांना तिथेच स्पष्ट सांगितलं. तिथे द्रव अडवायचा असतो. बाजूने हवा खेळणारे बंद गॉगल आणि औषधाच्या वाफेसाठीचा मास्क, हे त्यांना लिहून दिलं.)

चष्म्याचंही ठरलं. घरचा धातूच्या काड्यांचा चष्मा जाळीआड चालणार नाही. जाळी आत दबली तर काडीच डोळ्याजवळ शिरते. त्याने सास्काटूनला पॉलिकार्बोनेट काचेची, मऊ फ्रेमची, पट्ट्याने बसणारी खेळाची जोडी करून घ्यायची.

वेल्डरची जाळी

चुलतभावाची सूचना मी इथे नोंदवते, कारण ती अगदी साहजिक होती. पिशवीतली जुनी जाळी खालून एका बाजूला वाकलेली होती, तारांवरचा थर उडून गंज दिसत होता. तो म्हणाला, “इतली वेल्डिंगवाला सरळ करून देते दहा मिनिटात. नाहीतं नवी बनवून देईन. क्रिकेटच्या हेल्मेटले हायच ना तशी.”

त्या वेल्डरचं काम मी ओळखते, माझ्या दवाखान्याचं फाटक त्याचंच आहे. तरी नाही म्हटलं, आणि का ते सांगितलं. क्रिकेटच्या जाळीतलं अंतर चेंडूच्या गोलाईला अडवण्यासाठी ठेवलेलं असतं. चेंडू सात सेंटिमीटरहून जाड, पक कडेने आली तर अडीच सेंटिमीटर, आणि काठीच्या पात्याचं टोक त्याहूनही बारीक. हॉकीच्या जाळीची चाचणी या दोन्ही वस्तू समोर ठेवून होते. मग तिच्यावर मान्यतेची खूण येते, कॅनडात सीएसएची, अमेरिकेत एचईसीसीची. एकदा वाकून सरळ केलेली तार पुढच्या माराला त्याच जागी वाकते, आणि तापवून जोडलेली तार कुठे सुटेल याचा नेम नाही. जुन्या जाळीवर कुठलीच खूण वाचता येत नव्हती. त्याच्या हेल्मेटला ती बसतही नव्हती. हनुवटीचं कप अर्धा बोट पुढे राहायचं आणि बाजूच्या पट्ट्या तिरक्या जायच्या. जाळी हेल्मेटच्या मापाची आणि शक्यतो त्याच कंपनीची लागते, हे त्याला तिथे डोळ्यांनी दिसलं. ती जाळी भंगारात गेली.

तोंडातलं गार्ड

जाळी असताना दातांचं गार्ड कशाला, हा प्रश्न काकूंचा. जाळीवर बसलेला मार हनुवटीच्या कपातून जबड्यात उतरतो. खालचे दात वरच्यांवर आपटतात. कॅप असलेल्या निर्जीव दाताला तेवढं पुरतं.

बाजारात पाण्यात उकळून चावायची गार्ड मिळतात. काहीच नसण्यापेक्षा ती बरी, पण दाताने दाबताना समोरच्या बाजूला नेमकी पातळ होतात. मी माप घेतलं, प्लास्टरचा साचा केला आणि नागपूरच्या लॅबला ईव्हीए रबराचं गार्ड करायला पाठवलं. ओठाकडून तीन मिलिमीटर, चावायच्या बाजूला दोन, टाळूकडून एक. आठ दिवसांत आलं. बसवून पाहिलं, बोलायला लावलं, एका बाजूची कड घासली. डबीत ठेव, गरम पाण्यात धुऊ नको, गाडीच्या काचेमागे ठेवू नको, एवढं बजावलं. आमच्या एप्रिल-मेच्या उन्हात असं गार्ड एका दुपारीत वाकडं होतं. सास्काटूनला गाडीचा हीटर असतोच.

शिवाय एक गोष्ट लिहूनच दिली, कारण ती मी येणाऱ्या प्रत्येक आईबापाला सांगते. पक्का दात मुळासकट बाहेर आला तर पांढऱ्या बाजूने धरायचा, मूळ घासायचं नाही, मळला असेल तर नुसता धुऊन जागेवर परत बसवायचा, आणि ते जमत नसेल तर दुधात टाकून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे पोचायचं.

गळ्याच्या पट्ट्याबद्दलही बोलले. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये सामन्यात स्केटचं पातं गळ्याला लागून एक व्यावसायिक खेळाडू दगावला. काकू बाहेर पाणी प्यायला गेल्या तेव्हा मी त्याला हे सांगितलं. पट्टा घ्यायचं त्याने लगेच कबूल केलं.

माझी चूक

डिसेंबरात तो परत गेला. ठरल्याप्रमाणे एका शनिवारी त्याने दुकानातून व्हिडिओ कॉल केला. तिकडे सकाळचे अकरा, इकडे रात्रीचे साडेदहा. त्याच कंपनीची, हेल्मेटच्या मापाची जाळी, सत्तर डॉलरच्या आत, म्हणजे आपले चार हजारांच्या आसपास. मी एकेक बघत गेले. हेल्मेट भुवयांच्या वर एक बोट. हनुवटी कपात घट्ट. जाळी समोरून तळहाताने दाबली तर नाकाला लागत नाही. धरून डावी-उजवी हलवली तर डोकंही सोबत हलतं. चष्मा आत मावतो. खूण स्पष्ट. मी म्हटलं, घे.

जानेवारीतल्या दुसऱ्या सामन्यानंतर त्याचा फोटो आला. नाकाच्या मुळाशी आडवी चीर, चष्म्याच्या टेकूने झालेली. कोणाची काठी जाळीला खालून लागली, जाळी वर सरकली आणि चष्मा नाकात दाबला गेला. दोन चिकटपट्ट्यांत भागलं, टाके लागले नाहीत. पण इतक्या काळजीने बसवलेली जाळी वर सरकायला नको होती.

पुन्हा व्हिडिओ कॉल केला, सगळं अंगावर चढवायला लावलं, आणि कारण दिसलं. पट्टी दोन खाचा सैल होती. का? तर हनुवटी दुखते म्हणून. का दुखते? कारण दुकानात आम्ही जाळी बसवली तेव्हा तोंडात गार्ड नव्हतं. गार्ड घातलं की दातांमध्ये जाडी येते, खालचा जबडा दोन-तीन मिलिमीटर खाली उतरतो. तेवढ्याने कप हनुवटीवर रुतायला लागलं. त्याने केलं ते कोणीही केलं असतं, पट्टी सैल केली. मी बावीस वर्षं जबड्याच्या उंचीचे मिलिमीटर मोजते आहे, कवळी करताना याच मिलिमीटरवर रात्र रात्र बसते, आणि जाळी बसवताना मला हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही. त्याची चीर माझ्या नावावर आहे.

दुरुस्ती सोपी होती. जाळीचं कप वरखाली करायला जागा असते, ते एक घर खाली घेतलं. पट्टी परत घट्ट, गार्ड तोंडात, चष्मा डोळ्यावर, आणि मग पुन्हा तीच तपासणी: दाबणं, हलवणं, खालून वर ढकलणं. हे शेवटचं ढकलणं मी पहिल्या वेळी केलंच नव्हतं. समोरून दाबून पाहिलं होतं, पण मार खालून येतो हे मीच त्याला शिकवलं होतं.

आता माझ्या दवाखान्यात कबड्डी किंवा क्रिकेटच्या कुठल्याही पोराचं गार्ड तयार झालं, की त्याचं हेल्मेट सोबत आणायला सांगते. हेल्मेट असलं तर.

पुढे

फेब्रुवारीत सामने नियमित सुरू होते. जाळीच्या खालच्या दोन तारांवरचा रंग उडाला आहे, तार वाकलेली नाही. हेल्मेटला जाळी धरून ठेवणारे कपाळावरचे स्क्रू तो दर सामन्याआधी बघतो, एकदा एक निम्मा सुटलेला सापडला. तारा आता दिसत नाहीत म्हणाला. पायाजवळची पक अजून नीट दिसत नाही अशी तक्रार आहे, आणि प्रशिक्षक त्याला म्हणतो की बघूच नको, काठीला जाणवू दे.

संघातल्या आणखी दोघांनी अर्धी काच काढून जाळी लावली. त्यातल्या एकाने स्वतःचा ओठ फाटल्यावर.

मार्चमध्ये काका तुरीचा चुकारा घेऊन येताना दवाखान्यात थांबले. मुलाच्या गार्डवर दातांच्या खुणा खोल पडल्या आहेत, दुसरं लागेल, असा निरोप होता. साचा मी जपून ठेवलेला होताच. जिल्ह्यातलं एक जण एप्रिलमध्ये तिकडे जाणार आहे, त्याच्या हाती नवं गार्ड पाठवते आहे, सोबत चिठ्ठी: घातल्यावर कपाची जागा पुन्हा बघ, जाडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असू शकतो. काकांनी जाताना नवे गॉगल दाखवले, या हंगामासाठी घेतलेले, बाजूला छिद्रं असलेले. घालून पाहिलेत का, विचारलं. म्हणाले, उन्हात बसून अर्धा तास घातले होते, धुकं आलं नाही.

डाव्या मधल्या दाताचा एक्स-रे दिवाळीत, तो गावी आल्यावर.